पॉलिफनीत साथीदार कुणीच नसतो

पॉलिफनी म्हणजे नेमकं काय, ती हार्मनीहून वेगळी कशी, आपल्या रागसंगीतात ती आहे की नाही, आणि समीक्षक एखाद्या कादंबरीला ‘बहुस्वर’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. मी चार आवाजांची क्वायर बसवतो आणि काउंटरपॉइंट (एका ओळीसमोर दुसरी ओळ रचण्याची विद्या) शिकवतो, म्हणून सुरुवात संगीताकडून करतो. भाषेपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. पण संगीतातली गोष्ट आधी नीट कळली नाही, तर भाषेतल्या बहुस्वरतेबद्दल वाट्टेल ते बोलता येतं, आणि लोक बोलतातही.

‘एकाच वेळी अनेक आवाज’ ही व्याख्या सगळीकडे सापडते. ती पुरी पडत नाही. गणपतीच्या आरतीला पन्नास माणसं गातात, कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या, कुणी भलत्याच सुरात. तरी ओळ एकच असते. गिटारवर कॉर्ड धरून कुणी गाणं म्हणतो तेव्हा पाच-सहा स्वर एकदम वाजतात, पण चाल एकच, बाकीचे स्वर तिच्या दिमतीला. पॉलिफनीला किमान दोन ओळी लागतात आणि दोन्ही खरोखर ओळी असाव्या लागतात. प्रत्येकीचा चढउतार वेगळा, लय वेगळी, श्वासाची जागा वेगळी. एक विसावते तेव्हा दुसरी ऐन भरात असते.

ओळखायची माझी कसोटी साधी आहे. रचनेतला कोणताही एक आवाज बाहेर काढायचा आणि एकट्याला गायला लावायचा. आपण एक चाल ऐकली असं वाटलं तर ती पॉलिफनी. तो आवाज दहा मात्रा एकाच स्वरावर उभा राहिला, मग एक पायरी उतरला, मग परत जागेवर आला, तर तो भराव. चर्चमधल्या साध्या भक्तिगीतांत आल्टोचा (बायकांच्या खालच्या आवाजाचा) भाग बहुतेक असाच असतो. आल्टो गाणाऱ्या बायका त्याबद्दल कायम कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अशा रचनेला होमोफनी म्हणतात: चौघेही एकाच क्षणी एकच अक्षर उच्चारतात, चाल वरच्या आवाजात असते आणि खालचे तिघे तिला रंग चढवतात. हार्मनी दोन्हीकडे असते. कोणत्याही क्षणी संगीत उभं कापून बघा, जे स्वर एकत्र सापडतील ती हार्मनी. पॉलिफनी दिसते ती आडवं बघितल्यावर, ओळ कुठून आली आणि कुठे चालली आहे ते ऐकल्यावर. सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रीना याच्या मासमधली (मास म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीची गायनरचना) हार्मनी ओळींच्या चालण्यातून घडते. भक्तिगीतात आधी हार्मनी ठरते आणि मग आल्टोला उरलेला स्वर मिळतो.

हे वेगळेपण टिकवायला फार कडक नियम लागतात. योहान योसेफ फुक्स या ऑस्ट्रियन संगीतकाराने १७२५ मध्ये ‘ग्रादुस आद पार्नासुम’ हा ग्रंथ छापला, गुरू-शिष्य संवादाच्या रूपात. हायडन त्यावरून शिकला, बेथोव्हेनने त्याच पद्धतीचे धडे गिरवले, आणि आजही आम्ही तेच शिकवतो: आधी एका स्वरासमोर एक स्वर, मग दोन, मग चार, मग मात्रेवर रेंगाळणारे स्वर, शेवटी सगळं मिसळून. त्यातला सर्वांत प्रसिद्ध नियम असा की दोन आवाजांनी पंचमाच्या किंवा सप्तकाच्या अंतराने बरोबरीने सरकायचं नाही. विद्यार्थी हा नियम पाठ करतात आणि कारण विचारत नाहीत. कारण कानात आहे. सा आणि तार सा, सा आणि प, यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत हलके ऐकू येणारे वरचे स्वर) एकमेकांत इतके मिसळतात की दोन्ही एकत्र सरकले की कान त्यांना एकच भरदार आवाज समजतो. गाणारे दोघे, ऐकू येतो एक. म्हणून एक चढत असताना दुसऱ्याने उतरायचं, एक धावत असताना दुसऱ्याने लांब स्वर धरायचा. समांतर पंचम कानाला वाईट लागतो असं मुळीच नाही. तीन आवाज लिहिले तर तीन ऐकू आले पाहिजेत, एवढाच मुद्दा आहे.

याच कसोटीवर गोव्याच्या मांडो या गीतप्रकाराला पॉलिफनी म्हणताना मी कचरतो. मांडोत दुसरा आवाज असतो, पण बहुतेक वेळ तो पहिल्याच्या खाली ठरावीक अंतर राखून, त्याच लयीत, तेच शब्द घेऊन चालतो. घुमट या वाद्याच्या ठेक्यावर ते ऐकताना जीव हरखतो. तरी चाल एकच, जरा रुंद केलेली. गोव्यातले काही मित्र यावर चिडतात. चिडोत.

गंमत म्हणजे युरोपातली पॉलिफनी सुरू झाली ती नेमकी याच समांतर चालीपासून. नवव्या शतकातल्या ‘म्युझिका एन्किरियाडिस’ या ग्रंथात चर्चच्या चालीखाली चौथ्या किंवा पाचव्या स्वराच्या अंतराने दुसरा आवाज कसा लावायचा ते सांगितलं आहे. पुढची तीनशे वर्षं तो दुसरा आवाज हळूहळू सुटा होत गेला. पॅरिसच्या नोत्र दामशी जोडलेल्या पेरोतँने चार आवाजांची रचना केली, ती ११९८ च्या नाताळातली मानतात. तीत मूळ चालीचा एकेक स्वर इतका लांबवला आहे की पहिलं अक्षर संपायलाच बराच वेळ जातो, आणि त्यावर वरचे तीन आवाज नाचत राहतात.

तेराव्या शतकातला मोटेट हा अनेक आवाजांचा गीतप्रकार तुमच्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे, कारण तिथे सूर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी फाटतात. सर्वांत खाली लॅटिन स्तोत्राचा तुकडा, त्यावर एक आवाज फ्रेंचमध्ये प्रेमाची कविता गातो, आणि त्यावरचा आवाज दुसरीच कविता. सगळं एकदम. ऐकणाऱ्याला शब्द कळत असतील का? फारसे नाहीत. चर्चमध्येही शब्द हरवतात ही तक्रार ट्रेंटच्या धर्मपरिषदेपर्यंत (१५४५ ते १५६३) पोचली. पॅलेस्ट्रीनाने ‘पोप मार्सेलसचा मास’ लिहून पॉलिफनीला बंदीपासून वाचवलं, ही कथा प्रत्येक वर्गात कुणीतरी सांगतोच. ती दंतकथा आहे. पण तक्रार खरी होती. सूर चार बाजूंनी आले तर कान त्यांना एकत्र धरू शकतो, वाक्यं चार बाजूंनी आली तर नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॉलिफनी म्हणजे युरोप, हाही एक गैरसमज. जॉर्जियातल्या खेड्यांत तीन आवाजांचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे. काखेती भागात खालचा आवाज खर्जासारखा धरून ठेवतात आणि त्यावर दोन आवाज फिरतात. गुरिया भागात तिन्ही आवाज स्वतंत्र धावतात आणि त्यातला एक कंठ उलटवून, योडेलिंगसारखं गातो. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांच्या गाण्यात एकेक माणूस छोटा तुकडा घेऊन तो फिरवत, बदलत राहतो, आणि त्यातून दाट वीण तयार होते. सिम्हा अरोम या संशोधकाला ते गाणं उलगडण्यासाठी एकेका गायकाला हेडफोन लावून बाकीचे आवाज ऐकवत त्याचा भाग वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागला. माझीच कसोटी, यंत्रासकट.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी पाठवली, तीत जॉर्जियाचं ‘चाक्रुलो’ आहे, कांगोच्या इतुरी जंगलातल्या मुलींचं गाणं आहे, जर्मन संगीतकार बाखचा फ्यूग (एकच सूत्र एकेक आवाज पाठोपाठ उचलतो अशी रचना) आहे आणि गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. वर्गात मी हे चार तुकडे लागोपाठ वाजवतो. पहिल्या तिन्हींत अनेक ओळी आहेत. केसरबाईंच्या गाण्यात एकच आहे, आणि तिथे दुसरी ओळ नसणं ही उणीव वाटत नाही.

कारण रागाचं सगळं व्याकरण अचल षड्जाशी बांधलेलं आहे. ऋषभ किती उतरलेला, गंधारावर किती आंदोलन, मींड कुठून उचलली, ही माहिती ऐकणाऱ्याला मिळते ती पायाखालची जमीन हलत नाही म्हणून. दुसरी ओळ आली की ती प्रत्येक स्वराचा अर्थ थोडा बदलते आणि ही बारीक माहिती बुजते. तानपुऱ्यात गंधार ऐकू येतो, पण तो खर्जाच्या तारेचाच उपस्वर आहे, दुसरा आवाज नव्हे. सारंगी किंवा पेटीची साथ गायकाच्या मागून तीच ओळ थोड्या फरकाने वाजवते. याला हेटेरोफनी म्हणतात. जुगलबंदी बरीचशी आळीपाळीने चालते. सर्वांत जवळ जाते ती पंडित जसराजांची जसरंगी: पुरुषाचा मध्यम तो स्त्रीचा षड्ज धरायचा, आणि त्याच स्वरपट्टीतून दोघांनी दोन वेगळे राग गायचे. कल्पना फार हुशार आहे. तरी मला ती ऐकताना दोन उत्तम गायक एकमेकांना जागा करून देताहेत असं वाटतं. एकमेकांवर ओळ रचणं क्वचितच होतं.

क्वायरमध्ये शास्त्रीय गाणं शिकलेली मुलं आली की हा फरक हाताला लागतो. त्यांचा गंधार पियानोपेक्षा शुद्ध असतो. पियानोचा गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट), आणि ही मुलं आपसूक खाली, योग्य जागी बसतात. त्यांची अडचण वेगळीच असते. खाली बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, सरकला की त्यांना सा सरकल्यासारखा वाटतो आणि ती तिकडे ओढली जातात. मग कानात बोट घालून आपला भाग गातात. पहिल्या तालमीत मी ते चालवून घेतो, नंतर नाही. कान बंद करून गायलेली ओळ सुरात असली तरी बाकीच्यांशी तिचं नातं नसतं. दुसऱ्याचं पूर्ण ऐकायचं आणि तरी आपली वाट सोडायची नाही, हे जमायला कुणालाही महिने लागतात.

आपल्याकडे पॉलिफनीचं बीज रुजलं ते सिनेमाच्या स्टुडिओत. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत आले आणि अरेंजर, म्हणजे चालीला वाद्यमेळ बसवून देणारे, झाले. मजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत रागसंगीत आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणणारे कार्यक्रम केले. शंकर-जयकिशनांसाठी सेबास्टियन डिसोझांनी अरेंज केलेल्या गाण्यांत मुखडा चालू असताना मागे व्हायोलिनची एक वेगळीच ओळ जाताना ऐकू येते. वादक त्याला काउंटर म्हणतात. जुनी गाणी पुन्हा ऐकाल तेव्हा शब्द सोडून तेवढीच ओळ गुणगुणून बघा. ती एकटी उभी राहते.

आता भाषा. दोन अर्थ पटकन बाजूला करतो. लिपीच्या अभ्यासात एका चिन्हाचे अनेक उच्चार असले तर त्यालाही हेच नाव देतात, मेसोपोटेमियाच्या कीलाकार लिपीत असं फार होतं. आपल्याला लांब जायला नको: ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एकच लिहितो, बोलतो वेगळा, ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला ज यांचंही तेच. दुसरा अर्थ यंत्रांचा, कीबोर्ड एका वेळी किती स्वर वाजवू शकतो तो आकडा. मोबाइलवरच्या पॉलिफोनिक रिंगटोन तिथल्याच.

समीक्षेतला अर्थ मिखाइल बाख्तीन या रशियन समीक्षकाचा. दोस्तोयेव्हस्कीवरचं त्याचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. त्याच सुमारास त्याला अटक झाली आणि नंतर कझाकस्तानात हद्दपारी. सुधारलेली आवृत्ती निघायला १९६३ उजाडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इतर कादंबऱ्यांत पात्रं कितीही बोलली तरी शेवटचा शब्द लेखकाचा असतो, दोस्तोयेव्हस्कीकडे पात्राचा विचार लेखकाच्या विचाराशेजारी बरोबरीने उभा राहतो. ‘करामाझोव्ह बंधू’मध्ये इव्हान लहान मुलांच्या यातनांबद्दल बोलतो आणि असल्या जगाचं तिकीट देवाला परत करतो. लेखक स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. उत्तर म्हणून त्याने झोसिमा या साधूचा भाग लिहिला. पण इव्हानला तो कुठे मूर्ख ठरवत नाही, त्याचा युक्तिवाद मुद्दाम लुळा करत नाही, आणि कित्येक वाचकांना आजही इव्हानच पटतो. माझ्या कसोटीच्या भाषेत सांगायचं तर हा आवाज कादंबरीतून बाहेर काढला तरी उभा राहतो. तो लेखकाचा साथीदार नाही.

म्हणून, कादंबरीत पाच निवेदक आहेत किंवा एक पात्र वऱ्हाडी आणि दुसरं मालवणी बोलतं एवढ्यावरून तिला ‘बहुस्वर’ म्हणणं मला मान्य नाही. मराठी परीक्षणांत हे सर्रास चालतं. बोलींच्या गर्दीला बाख्तीननेच वेगळी संज्ञा दिली होती. पाच बोलींतून लेखकाचंच मत पाच वेळा ऐकू आलं तर ती आरती आहे, कितीही माणसं गाऊ देत. एकनाथांची भारुडं बघा. विंचू चावलेल्या माणसाचा टाहो, जोशी, वासुदेव, किती तऱ्हेचे आवाज आहेत! पण शेवटी ‘एका जनार्दनी’ येतं, अर्थ उलगडतो, आणि सगळे आवाज एकाच बोधापाशी येतात. त्यांच्याच ‘हिंदू-तुर्क संवादा’त मात्र दोघेही एकमेकांच्या शास्त्रांवर खरेखुरे, झोंबणारे आक्षेप घेतात. शेवटी समेट होतो, तरी ते आक्षेप ऐकलेले राहतात. हा संवाद पॉलिफनीच्या जास्त जवळचा आहे.

याहून छोट्या पातळीवर, एकाच वाक्यात दोन आवाज कसे येतात, ते ओस्वाल्ड द्युक्रो या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलं. वाक्य उच्चारणारा एक, पण त्यातली दृष्टी दुसऱ्याचीही असू शकते. ‘मी काही चोर नाही’ हे वाक्य घ्या. कुणीतरी चोर म्हणालं आहे, निदान तसं बघितलं आहे, हे धरल्याशिवाय ते वाक्य उभंच राहत नाही. ‘धरण भरलं म्हणे’ मध्ये बातमी गावाची, बोलणारा ती फक्त पुढे सरकवतो, जबाबदारी घेत नाही. आणि ‘समाजसेवक म्हणे!’ म्हटलं की तोच परका आवाज आणून त्याची टर उडवली जाते. कथेतलं एक वाक्य बघा: ‘त्याने पाकीट उघडलं. आता भाडं कुठून द्यायचं? आणि मालक काय गप्प बसणार होता?’ हा प्रश्न कुणाचा, पात्राचा की निवेदकाचा? दोघांचा. याउलट ‘आजी म्हणाली, मी येणार नाही’ मध्ये आवाज दोन आहेत, पण एकामागून एक. ती जुगलबंदी.

आता मोटेटची आठवण करा. भाषा दोन वाक्यं एकदम ऐकवू शकत नाही. ऑपेरात ते जमतं: व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’त (१८५१) चार पात्रं चार वेगळ्या भावना एकाच वेळी गातात, एक लाडीगोडी लावतो, एक हसते, एक रडते, एक सूड घ्यायचं ठरवतो, आणि आपण चौघांनाही ऐकतो. हेच चौघं नाटकात एकदम बोलले तर गोंधळ. त्यामुळे कादंबरीला फ्यूगची उपमा देतात ती मला कधी पटली नाही. स्वतः बाख्तीननेही संगीताशी तुलना ही निव्वळ प्रतिमा आहे असं बजावलं होतं. संगीतातच योग्य जोड शोधायची तर ती बाखच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा सूटमध्ये (सूट म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका) आहे. पहिल्या, जी मेजरमधल्या सूटचा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, घ्या: गज जवळजवळ सगळा वेळ एका वेळी एकच स्वर वाजवतो. पण ओळ खालून वर, वरून खाली उड्या घेते, आणि कान खालचे स्वर खालच्यांशी, वरचे वरच्यांशी जोडतो. वाजते एक ओळ, ऐकू येतात दोन-तीन. अल्बर्ट ब्रेगमनसारख्या मानसशास्त्रज्ञांनी कानाच्या या सवयीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. वाक्यही असंच एका वेळी एक शब्द चालतं आणि वाचणारा त्यातून दोन आवाज वेगळे काढतो. ‘म्हणे’ ही तशीच एक उडी.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर इंग्लिश संगीतकार टॅलिसच्या चाळीस आवाजांच्या रचनेपासून करू नका. डेव्हिड ह्युरन या संगीतसंशोधकाने १९८९ मध्ये दाखवलं की एकाच जातीच्या वाद्यनादात तीनपेक्षा जास्त आवाज झाले की जाणकार संगीतकारांचीही मोजणी चुकू लागते. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’चा पहिला भाग (१७२२) घ्या. त्यातला सी मायनरचा फ्यूग तीन आवाजांचा आहे. पहिल्यांदा ऐकताना फक्त सर्वांत खालचा आवाज धरा, दुसऱ्यांदा मधला. त्याआधी ई मायनरचा घ्या, त्या भागातला दोनच आवाजांचा एकुलता एक. तो भरधाव जातो. साधारण मध्यावर आणि पुन्हा शेवटाकडे दोन्ही आवाज अचानक सप्तकाच्या अंतराने एकच ओळ वाजवतात, म्हणजे फुक्सने ज्याला बंदी केली तेच. पूर्ण एक माप (ठेक्याचं एक आवर्तन) फ्यूगमध्ये एकच आवाज उरतो, आणि लगेच पुढच्या मापात दोघे वेगळे होतात.